परिशुद्ध अभियांत्रिकीची वार्षिक परिषद

अत्यंत अचूक मापाचे यंत्रभाग बनविण्याच्या शास्त्रास परिशुद्ध अभियांत्रिकी म्हणतात. या शास्त्रासाठी १९८६ साली ‘अमेरिकन सोसायटी फॉर प्रिसिजन इंजिनिअरिंग’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या वार्षिक परिषदेत संशोधक, अभियंते व विद्यार्थी एकत्र येतात. तेथे निबंधवाचन होते, अभ्यासवर्ग भरतात व नवी उपकरणे मांडली जातात.

या शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न तापमानाचा आहे. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी एक अंश सेल्सिअसने तापली, की सुमारे ११ ते १२ मायक्रोमीटरने वाढते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे सकाळी बरोबर ठरलेले माप दुपारच्या उष्म्यात चुकीचे ठरू शकते. म्हणूनच लांबीच्या मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारण्यात आले. दोन देशांत बनलेले भाग एकमेकांत नीट बसतात, त्यास हा संकेतही कारण आहे.

यंत्राच्या प्रत्येक चुकीस कारण असते व ते शोधता येते, असे जेम्स ब्रायन या अमेरिकन अभियंत्याने आग्रहाने प्रतिपादन केले. चूक मोजून ती जाणकारांपुढे मांडणे, हे अशा परिषदेचे मुख्य कार्य होय. शाळेच्या प्रयोगशाळेतही मापाशेजारी तापमान नोंदविल्यास हीच शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणेल.