पडद्यातलं घर आणि घरातले पैसे : ‘सिम्स’चा पॅक घ्यावा तर कोणता?

आमच्या वस्तीतल्या दहावीच्या एका मुलीचा पाय जिन्यावरून घसरून मोडला. दीड महिन्याचं प्लास्टर. पहिल्या आठवड्यात मैत्रिणी येऊन गेल्या, मग त्यांच्या चाचण्या लागल्या. भावाचा जुना लॅपटॉप तिच्या खाटेवर आला आणि त्यावर ‘द सिम्स 4’ हा गेम. पंधरा दिवसांनी तिची आई आमच्याकडे आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. म्हणाली, “ताई, पोरगी तीन हजारांचा कसला तरी पॅक मागतेय. एकच घेऊन दे म्हणते. हे औषध समजू की व्यसन?”

आधी हा गेम काय आहे ते पाहू. यात मारामारी नाही, शर्यत नाही, जिंकणं-हरणंही नाही. आपण माणसं तयार करायची, त्यांना ‘सिम’ म्हणतात. त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरी, लग्न, मुलंबाळं, म्हातारपण सगळं चालवायचं. हा गेम ज्यांनी पहिल्यांदा तयार केला त्या विल राइट यांचं स्वतःचं घर 1991 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या मोठ्या आगीत जळालं होतं. संसार पुन्हा शून्यातून उभा करताना त्यांना ही कल्पना सुचली. पहिला ‘सिम्स’ 2000 साली आला, चौथा 2014 साली. आग, पाणी आणि पाडकाम पाहिलेल्या वस्तीला हा खेळ का जवळचा वाटतो, ते वेगळं सांगायला नको.

प्रत्येक सिमच्या सहा गरजा असतात: भूक, झोप, लघवी, स्वच्छता, करमणूक आणि माणसांची सोबत. प्रत्येकीची पट्टी पडद्यावर दिसते. पट्टी लाल झाली की सिम चिडतो, रडतो, उभ्या उभ्या झोपतो. आम्ही त्या मुलीशेजारी दोन संध्याकाळी बसलो. तिच्या सिमच्या सहाही पट्ट्या हिरव्यागार होत्या. तिचं स्वतःचं ताट मात्र झाकलेलंच होतं, आणि आदल्या रात्री ती दोन वाजता झोपली होती.

आता पॅकचं. मूळ गेम ऑक्टोबर 2022 पासून फुकट आहे. ही पहिली गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी, कारण मूळ गेमचे पैसे मागणारा कुणी भेटला तर तो फसवतो आहे. फुकट गेममध्येही वेळोवेळी बरंच आलं: पोहण्याचे तलाव, 2017 मध्ये चालायला लागलेली लहान मुलं, 2023 मध्ये रांगणारी बाळं. ‘बाळं हवीत म्हणून पॅक हवा’ असं मूल म्हणालं, तर ती बाळं फुकटच मिळतात हे आपल्याला ठाऊक असावं.

विकत मिळतात ते चार प्रकार. सगळ्यात मोठा एक्स्पान्शन पॅक. त्यात नवं गाव, नव्या नोकऱ्या, जगण्याची नवी रीत मिळते. अमेरिकेत त्याची मूळ किंमत 39.99 डॉलर. त्याच्या निम्म्या किमतीचा गेम पॅक, त्याच्याही निम्म्यात स्टफ पॅक, आणि 4.99 डॉलरचे किट. किटमध्ये बहुतेक फर्निचर आणि कपडे असतात, खेळण्याजोगं फारसं काही नसतं. रुपयांत किती, ते घेताना पडद्यावर दिसेल तेच खरं धरावं. स्वस्त म्हणून किट घेण्याची चूक पुष्कळ जण करतात. आठ किट झाली की एका मोठ्या पॅकचे पैसे गेलेले असतात आणि हाती येतात खुर्च्या नि पडदे. शिवाय ‘माय फर्स्ट पेट’ नावाच्या स्टफ पॅकमधलं बरंच काही ‘कॅट्स अँड डॉग्ज’ हा मोठा पॅक असल्याशिवाय कामाचं नाही. एक घेतलं की दुसरं घ्यावं लागतं, ही गोम ओळखावी.

मोठे पॅक वीसच्या आसपास आहेत. आमची कसोटी एकच: घेतलेली गोष्ट रोज दिसणार आहे का? ‘आयलंड लिव्हिंग’मध्ये सुंदर समुद्र आहे, जलपऱ्याही आहेत, पण तुमचं कुटुंब त्या बेटावर गेलं तरच. उलट 2018 चा ‘सीझन्स’ घेतला की बहुतेक सगळ्या गावांत ऋतू आणि हवामान बदलतं. थंडीत सिमला उबदार कपडे घातले नाहीत तर तो मरूही शकतो. कॅलेंडरवर आपला सण आपण ठरवू शकतो, त्या दिवशी घरात काय काय व्हावं तेही. एकच पॅक घ्यायचा आणि मन कशावर आहे ते ठरत नसेल, तर आम्ही ‘सीझन्स’ सांगू.

2016 च्या ‘सिटी लिव्हिंग’ची गोष्ट वेगळी. त्यात सॅन मायशुनो नावाचं मोठं शहर आहे आणि भाड्याच्या खोल्या आहेत. शेजारी मोठ्याने गाणी लावतो, त्याच्या दारावर जाऊन धडका मारता येतात. काही खोल्यांत उंदीर आणि झुरळं निघतात, पाइप फुटतो, मग घरमालकाला बोलवा नाहीतर स्वतः दुरुस्त करा. रस्त्यावर खाण्याच्या गाड्या आहेत, तिथलं खाऊन सिम तो पदार्थ शिकतोही. आपल्याकडच्या मुलांना हा पॅक चटकन कळतो. 2023 अखेरचा ‘फॉर रेंट’ त्याच वाटेवरचा, त्यात आपणच भाडेकरू ठेवू शकतो. पण दोन्ही एकदम घेऊ नयेत, पहिल्यानेच बरीच हौस भागते.

‘गेट टू वर्क’मध्ये सिम डॉक्टर होतो आणि आपण त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन रुग्ण तपासतो. पोरगी डॉक्टर होईल म्हणून हा पॅक घ्यावा का, असं एका वडिलांनी विचारलं होतं. तिथे ‘लामा फ्लू’सारखे गमतीचे आजार आहेत. मजा म्हणून घ्या, अभ्यास म्हणून नको. कुटुंबातली नाती, आजी-आजोबा, भावंडं यांत रस असेल तर ‘ग्रोइंग टुगेदर’ पाहावा. पैसे कमी असतील तर ‘पॅरेंटहूड’ हा गेम पॅक निम्म्या किमतीत आई-बाप आणि मुलांचं बरंच दाखवतो.

पैसे भरण्याआधी लॅपटॉप पाहा. गेमला 25 जीबीहून जास्त जागा लागते, जुन्या 32 बिटच्या मशीनवर तो चालत नाही, आणि प्रत्येक पॅक ओझं वाढवतो. मूळ गेमच अडखळत असेल तर पॅक घेऊ नका. जुने पॅक वर्षातून बऱ्याचदा निम्म्या किमतीत लागतात, घाईत पूर्ण पैसे मोजण्यात अर्थ नाही. ‘स्टीम’वरून घेतला आणि आवडला नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि घेतल्यापासून दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. कॉम्प्युटरवर घेतलेला पॅक प्लेस्टेशनवर चालत नाही. कुणी पेन ड्राइव्हमधून ‘सगळे पॅक फुकट’ देत असेल तर त्या लॅपटॉपवरून बँकेचा व्यवहार करू नका.

मोबाइलवरचा ‘सिम्स फ्रीप्ले’ हा वेगळाच गेम. त्यात हे पॅक नाहीत. तिथे काम पूर्ण व्हायला तासन् तास थांबावं लागतं आणि थांबायचं नसेल तर पैसे टाकावे लागतात, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. तीन हजार एकदा गेलेले दिसतात, ऐंशी-ऐंशी रुपये गेलेले दिसत नाहीत. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका.

गेमला वयाची अट आहे, युरोपात 12 वर्षांवरील. आणि व्यसनाचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ 2022 पासून लागू आहे. पण तास मोजून तो ठरत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जातो, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टर ते नाव देतात. प्लास्टरमध्ये पडलेली, एकटी पडलेली मुलगी पंधरा दिवस खेळली तर तिला व्यसनी म्हणू नये. शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, मूल चोरून पैसे वापरू लागलं, तर 14416 या ‘टेली-मानस’च्या फुकट नंबरवर फोन करावा, मराठीत बोलता येतं.

आम्ही त्या घरात चार गोष्टी ठरवल्या. लॅपटॉप गादीवर नाही, पाटावर. गादीवर तो तापतो आणि मानही वाकते. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहायचं. दहा बाय दहाच्या खोलीत वीस फूट कुठून आणणार, म्हणून खाट दाराकडे वळवली. सिम जेवायला बसला की आपणही जेवायचं. दहाला लॅपटॉप बंद.

पॅकचा निर्णय आईने मुलीवरच सोडला, अट एवढीच की सवलत लागेपर्यंत थांबायचं. अकरा दिवसांनी सवलत लागली. तिने ‘सिटी लिव्हिंग’ घेतला. आई कामावरून आली तेव्हा पडद्यावर पाइप फुटला होता आणि मुलगी घरमालकाला बोलावत होती. आई बघत उभी राहिली आणि म्हणाली, “तो लगेच येतो का गं?”