नाताळ आणि कृपादान

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माप्रीत्यर्थ साजरा केला जाणारा ख्रिस्ती सण आहे. ख्रिस्ती धर्मविचारात हा जन्म केवळ एका धर्मसंस्थापकाचा जन्म मानला जात नाही. परमेश्वराने मानवजातीला केलेले स्वतःचेच दान, असा त्याचा अर्थ लावला जातो. घेणाऱ्याची पात्रता न पाहता आणि मोबदल्यावाचून दिलेल्या या दानाला मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'कृपादान' म्हणतात.

संज्ञा

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला असून त्याचे मूळ 'जन्मासंबंधीचा' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. 'कृपा' या संज्ञेसाठी नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'खारिस' हा शब्द आहे. अनुग्रह, प्रसन्नता आणि देणगी असे त्याचे अर्थ होतात.

मराठी वाचकाला 'दान' हा शब्द परिचित आहे, परंतु त्याच्याशी पुण्य आणि पात्रता या कल्पना निगडित आहेत. दान सत्पात्री असावे, असा संकेत आहे. कृपादानाची ख्रिस्ती कल्पना येथे वेगळी ठरते. या विचारानुसार सर्व मानव पापाच्या अधीन असल्यामुळे परमेश्वरासमोर कोणीही स्वबळावर पात्र नाही, आणि म्हणूनच या दानाची गरज सर्वांना आहे.

देहधारण

या अर्थाचा पाया 'देहधारण' हा सिद्धांत आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आरंभापासून देवाजवळ असलेला 'शब्द' मानव होऊन माणसांत राहिला, असे प्रतिपादन आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील आरियस या धर्मगुरूने 'पुत्र' हा परमेश्वराने निर्माण केलेला आहे, असे मत मांडले. इ. स. ३२५ मधील निकिया येथील धर्मपरिषदेने ते नाकारले आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले. पुढे अथानेसियस याने या भूमिकेचा दीर्घकाळ पुरस्कार केला.

या वादाचा नाताळच्या अर्थाशी निकटचा संबंध आहे. येशू हा केवळ निर्मित दूत असेल, तर परमेश्वराने एक संदेश पाठवला एवढेच म्हणता येईल. तो स्वतः परमेश्वर असेल, तरच दाता आणि दान एकरूप होतात. इ. स. ४५१ मध्ये कॅल्सिडन येथील परिषदेने येशू पूर्णतः देव आणि पूर्णतः मानव आहे, असे सूत्र निश्चित केले.

देहधारण आणि हिंदू परंपरेतील अवतारकल्पना यांत वरवर साम्य दिसते. मात्र विष्णूचे अवतार अनेक मानले जातात, तर ख्रिस्ती श्रद्धेनुसार देहधारण इतिहासात एकदाच घडले आहे.

जन्मकथा

येशूच्या जन्माची कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आढळते. लूकच्या कथनात उतारशाळेत जागा नसल्यामुळे मरिया बाळाला गव्हाणीत ठेवते आणि जन्माची वार्ता प्रथम रानातील मेंढपाळांना कळते. मत्तयच्या कथनात पूर्वेकडील ज्ञानी पुरुष सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करतात. त्यांची संख्या मूळ कथेत दिलेली नाही. तीन भेटींवरून तीन ज्ञानी पुरुषांची परंपरा रूढ झाली. सोने राजपदाचे, ऊद देवत्वाचे आणि गंधरस मृत्यूचे प्रतीक, असा अर्थ प्राचीन काळापासून लावला जातो. त्यामुळे जन्मकथेतच क्रूसावरील मरणाची सूचना आहे, असे भाष्यकार मानतात. दान विनामूल्य असले, तरी दात्याला त्याची किंमत मोजावी लागली, असा याचा आशय होय.

कृपा आणि मानवी प्रतिसाद

दान पूर्णतः विनाअट असेल, तर माणसाच्या सत्कर्मांना स्थान काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारात वारंवार उपस्थित झाला. पाचव्या शतकाच्या प्रारंभी पेलेजियस याने माणसाच्या इच्छाशक्तीवर भर दिला, तर संत ऑगस्टीन याने चांगले कर्म करण्याची प्रेरणादेखील कृपेतूनच येते, असे प्रतिपादन केले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर याने उद्धार केवळ कृपेने आणि विश्वासाने होतो, असा आग्रह धरला. पश्चिमेकडील चर्चच्या विभाजनात हा प्रश्न मध्यवर्ती होता. १९९९ मध्ये रोमन कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे या विषयावरील संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या.

जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' आणि 'मोलाची कृपा' असा भेद केला. आचरणात कोणताही बदल न घडवता गृहीत धरलेली कृपा त्याने स्वस्त ठरवली. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. कृतज्ञ आचरण ही दानाची किंमत नसून दान स्वीकारल्याची खूण आहे, या मुद्द्यावर अनेक ख्रिस्ती पंथांत आज एकवाक्यता आढळते.

सणातील आविष्कार

बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही. २५ डिसेंबर या दिवसाचा रोममधील उल्लेख इ. स. ३५४ च्या एका कालगणनाग्रंथात आढळतो. संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे गव्हाण आणि जिवंत जनावरांसह जन्मप्रसंगाचा देखावा उभा केला. घरोघरी मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या प्रथेला त्यातून मोठी चालना मिळाली.

भेटवस्तू देण्याची प्रथा ज्ञानी पुरुषांच्या अर्पणाशी, तसेच मायरा येथील बिशप संत निकोलस यांच्या दानशूरतेच्या कथांशी जोडली जाते. स्पेनमध्ये मुलांना आजही ६ जानेवारीला ज्ञानी पुरुषांच्या नावाने भेटी मिळतात. परस्परांना समतोल किमतीच्या वस्तू देण्याने मात्र देवघेवीचा व्यवहार उरतो आणि कृपादानाचा अर्थ झाकला जातो, अशी टीका ख्रिस्ती विचारवंत करतात. परतफेड करू न शकणाऱ्यांना दिलेली मदत या अर्थाला अधिक जवळची मानली जाते.

मराठी साहित्यात

इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीछंदात रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्रपर काव्य लिहावयास घेतले होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अपूर्ण राहिलेले हे काव्य लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. या रचनांमुळे कृपादानाची कल्पना मराठी काव्यपरंपरेच्या परिचित रूपांत व्यक्त झाली.