सणवार, वाढदिवस आणि ऋतुचर्या : शरदापासून शिशिरापर्यंत

आश्विनातील कोजागरीपासून पौषातील मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ हा आपल्याकडे कुटुंबाने एकत्र येण्याचा काळ आहे. लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईस नोकरी करणारी मुले घरी येतात, आजी-आजोबांचे औक्षण होते आणि घरोघरी फराळाचे डबे भरतात. याच काळात दवाखान्यात अम्लपित्त, अजीर्ण, श्वास, कास आणि वाढलेल्या रक्तशर्करेचे रुग्ण अधिक येतात, हेही आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा रुग्णाला ‘सणाचे काही खाऊ नका’ असे सांगणे सोपे असते. मात्र तो सल्ला सहसा पाळला जात नाही आणि शास्त्रालाही तो अभिप्रेत नाही. कोणता सण कोणत्या ऋतुलक्षणांत आला, घरातील कोणाला काय आणि किती द्यावे, हे सांगणे हे वैद्याचे काम आहे. त्या दृष्टीने या तीन ऋतूंतील सणांचा विचार येथे केला आहे.

तिथी आणि ऋतुलक्षण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात आणि वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत आणि माघ-फाल्गुन शिशिर, ही मासगणना सर्वज्ञात आहे. तथापि चांद्रमास आणि सूर्याची गती यांत अधिकमासामुळे दरवर्षी फरक पडतो. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, तर अधिक श्रावण आलेल्या २०२३ साली ते १२ नोव्हेंबरला आले. तिथी तीच, पण मध्ये १९ दिवसांचे अंतर. ऑक्टोबरच्या उन्हात आलेली दिवाळी आणि अंगावर शाल घ्यावी लागणारी दिवाळी यांत अग्नीची स्थिती सारखी असणार नाही. म्हणून पंचांगातील तिथी सणासाठी पाहावी आणि पथ्यासाठी प्रत्यक्ष ऋतुलक्षण पाहावे.

निफाड परिसरात हा भेद विशेष जाणवतो. गोदावरी-कादवेच्या या खोऱ्यात ऑक्टोबरात दुपारी ऊन भाजते आणि डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील किमान तापमानाचा आकडा राज्यभर बातमीचा विषय होतो. काही वर्षी तो ५ अंश सेल्सिअसच्या खाली जातो. दोन-अडीच महिन्यांत पित्तप्रकोपापासून कडाक्याच्या शीतकाळापर्यंत शरीराला जावे लागते. ऋतुसंधीच्या पंधरवड्यात, म्हणजे गेल्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, जुनी चर्या हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, असे वाग्भट सांगतात. शार्ङ्गधरांनी कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस ‘यमदंष्ट्रा’ म्हटले असून त्या काळात अल्पाहार श्रेयस्कर मानला आहे. दिवाळीचा उरलेला फराळ संपविण्याचा काळ नेमका याच दिवसांना येऊन भिडतो, हे रुग्णाला आवर्जून सांगण्यासारखे आहे.

कोजागरी : चांदणे घ्यावे, दव टाळावे

शरदात प्रदोषकाळी चंद्रकिरणांचे सेवन प्रशस्त मानले आहे. त्याच ऋतूत अवश्याय म्हणजे दव वर्ज्य सांगितले आहे. ही दोन्ही वचने एकत्र वाचली असता कोजागरीची योग्य मर्यादा स्पष्ट होते. सायंकाळनंतरच्या पहिल्या प्रहरात अंगणात किंवा गच्चीवर बसून आटीव दूध घेण्यास हरकत नाही. मध्यरात्रीनंतर उघड्यावर बसणे मात्र श्वास व प्रतिश्यायाच्या रुग्णाने टाळावे. दूध मधुर, शीत व पित्तशामक असल्याने ऋतूला अनुकूल आहे. परंतु भरपेट जेवणावर, भेळ-भज्यांनंतर घेतलेले तेच दूध गुरू ठरते. जेवण हलके ठेवून दूध घ्यावे, एवढा साधा बदल पुरेसा होतो.

याच पौर्णिमेला घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची, म्हणजे ‘आश्विनी’ करण्याची प्रथा आहे. हा एक प्रकारे थोरल्या मुलाचा वा मुलीचा दुसरा वाढदिवसच होय. या औक्षणात नवे वस्त्र, दिवा, अक्षता आणि थोडे गोड एवढेच असते. वाढदिवसाच्या संदर्भात हा मुद्दा पुढे येईलच.

दिवाळी : सौहित्य वर्ज्य

चकली, शेव, चिवडा, करंजी, अनारसे हे पदार्थ स्निग्ध, गुरू आणि बहुतांशी तळलेले आहेत. ते बलवान अग्नीला योग्य, म्हणजे हेमंताचे अन्न आहे. दिवाळी मात्र बहुधा शरदात येते. शरदात तैल, वसा, क्षार व दधी यांच्याबरोबर वाग्भटांनी ‘सौहित्य’ही वर्ज्य सांगितले आहे. सौहित्य म्हणजे पूर्ण तृप्ती होईपर्यंत जेवणे. चरकांनीही शरदात चांगली भूक लागल्यावर मात्रेने खाण्यास सांगितले आहे. अर्थात फराळ करावाच. तो नाश्त्याच्या जागी घ्यावा, नाश्ता करून वर घेऊ नये. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे हे अध्यशन, अवेळी अथवा कमी-अधिक खाणे हे विषमाशन आणि पथ्य-अपथ्य एकत्र खाणे हे समशन. भाऊबिजेला चार घरी जाणारा मनुष्य एका दिवसात हे तिन्ही दोष करतो. यजमानीण आग्रह करते तेव्हा ‘वैद्यांनी सांगितले आहे’ हे वाक्य पाहुण्याला उपयोगी पडते, म्हणून ते आपण स्पष्टपणे सांगून ठेवावे.

परंपरेनेही शरदाचे भान ठेवलेले दिसते. धनत्रयोदशीच्या नैवेद्यातील धणे पित्तशामक व दीपन आहेत. त्या दिवशी अनेक वैद्य धन्वंतरीपूजनानंतर कडुनिंबाची पाने व साखर प्रसाद म्हणून देतात. कोकणात नरकचतुर्दशीला कडू कारीट पायाच्या अंगठ्याने फोडून त्याचा रस जिभेला लावतात. शरदाला हितकर असा तिक्त रस गोडाच्या आधी जिभेला लागतो. केंद्र शासनाने २०१६ पासून धनत्रयोदशीला साजरा होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबरला निश्चित केला असला, तरी घरोघरच्या धन्वंतरीपूजनाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

अभ्यंगाविषयी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. अजीर्ण झालेल्याने, कफग्रस्ताने आणि नुकतीच शुद्धी झालेल्याने अभ्यंग करू नये, असे वाग्भटांचे वचन आहे. आदल्या रात्री जड जेवण झालेल्याला ते लागू पडते. दुसरे, सूर्योदयापूर्वीचे स्नान हा आचार असला तरी वृद्ध, हृद्रोगी व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी वाऱ्याचा झोत नसलेल्या खोलीत कोमट पाण्याने, आवश्यक तर उजाडल्यावर स्नान करावे. थंडीने रक्तदाब वाढतो, हे विसरता कामा नये. पित्तप्रकृतीला तिळतेलाने दाह होत असल्यास खोबरेल वापरावे.

फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती. श्वासाच्या रुग्णाला त्या वेळी दारे-खिडक्या लावून घरात ठेवणे आणि त्याची नेहमीची औषधे हाताशी असणे आवश्यक आहे. भाजल्यास प्रथम सुमारे वीस मिनिटे वाहते साधे पाणी घालावे. तूप, शाई, दंतमंजन यांचा लेप तत्काळ करू नये. शतधौत घृताचे स्थान त्यानंतरचे आहे. डोळ्याची इजा किंवा मोठी भाजणूक असल्यास रुग्ण विनाविलंब रुग्णालयात पाठवावा.

चंपाषष्ठी ते संक्रांत : अग्नी बलवान, थंडीही बलवान

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला वांग्याचे भरीत व बाजरीचे रोडगे खंडोबाला अर्पण होतात. आपल्या तालुक्यात ओझरला खंडेरायाची यात्रा याच दिवशी भरते. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे व कांदा या दिवसापासून पुन्हा पानात येतात. उष्ण गुणाचे हे अन्न पित्तप्रकोपाचा काळ ओसरल्यावर सुरू होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वालपापडी, गाजर, ओला हरभरा, वांगी यांची मिसळीची भाजी हा तर हेमंत-शिशिराच्या आहाराचा आदर्शच म्हणावा लागेल. रूक्ष बाजरीला तीळ व लोण्याचा स्नेह मिळतो. तीळ उष्ण, गुरू, स्निग्ध, बल्य व त्वच्य आहेत. मात्र ते पित्तकर असल्याने रक्तपित्त व अम्लपित्ताच्या रुग्णाने तिळगूळ चवीपुरता घ्यावा.

बोरन्हाणात लहान मुलाच्या डोक्यावरून बोरे, हलवा, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. सोहळा गोड आहे. पण पाच वर्षांखालील मुलाच्या घशात बोराची बी, शेंगदाणा किंवा हलव्याचा दाणा अडकू शकतो. समारंभात एका जाणत्या व्यक्तीने बाळाच्या हाताकडे व तोंडाकडे लक्ष ठेवावे, अशी सूचना आईला आधीच द्यावी.

हेमंतचर्येत निखाऱ्यांनी उबदार केलेल्या गर्भगृहाचा उल्लेख आहे. या सूचनेचा आज सावधपणे अर्थ लावणे आवश्यक आहे. पूर्वीच्या कौलारू घरात धूर व वायू निघून जाण्यास वाट होती. सिमेंटच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो, आणि या वायूला वासही नसतो. सणाला पाहुणे आले, पांघरुणे कमी पडली, म्हणून शेगडी आत घेण्याचा मोह होतो. शेकोटी अंगणातच असावी. द्राक्षबाग थंडीपासून वाचविण्यासाठी रात्री बागेत शेकोट्या पेटविणाऱ्या शेतकऱ्याला तर जागरण, शीत आणि धूर तिन्ही सोसावे लागतात. त्याच्यासाठी नस्य, अभ्यंग व सुंठयुक्त उष्ण पेय यांचा सल्ला आपण स्वतःहून द्यावा. जागरणाची भरपाई त्याने सकाळी, अन्न घेण्यापूर्वी, जागरणाच्या निम्मा वेळ झोपून करावी.

वाढदिवस : अर्धी ओंजळ दूध

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. संक्रांतीनंतर लगेच येणारा हा दिवस तालुक्याच्या अभिमानाचा आहे. घराघरांतील वाढदिवस मात्र आता रात्री बारा वाजता केक कापून होतात. मैदा, साखर, मलई, थंड पेय आणि जागरण, तेही शीतकाळात, रात्रीच्या जेवणावर! कफाच्या मुलाला दुसऱ्या दिवशी ताप-खोकला झाल्यास नवल नाही.

काशीनाथ उपाध्याय यांच्या ‘धर्मसिंधू’ ग्रंथात वर्धापनविधी सांगितला आहे. तिळाचे उद्वर्तन लावून स्नान, मार्कंडेय व चिरंजीवांचे स्मरण आणि तीळ-गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध प्राशन, असे त्याचे स्वरूप आहे. त्या दिवशी कलह करू नये, असेही सांगितले आहे. वैद्याच्या दृष्टीने यात महत्त्वाची आहे ती मात्रा. दूध अर्धी ओंजळ, तीही ज्याची त्याची. बालकाची ओंजळ लहान, तरुणाची मोठी. आयुष्यवृद्धीच्या दिवशी मोजून खावे, हा या विधीचा आशय आहे. केक आणूच नये असा हट्ट वैद्याने धरू नये. तो सायंकाळी, जेवणापूर्वी कापावा, वाटा लहान असावा आणि त्याआधी औक्षण व्हावे, एवढे कोणतेही कुटुंब मान्य करते. एकसष्टीच्या किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या सत्कारमूर्तीला तर दिवसभर प्रत्येक जण घास भरवितो. त्या दिवशी मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन चुकणार नाही, याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीकडे नावानिशी द्यावी.

औषध विक्रेत्यांसाठी

सणाच्या दिवसांत ग्राहक दवाखान्यात न जाता थेट दुकानात येतो आणि ‘काहीतरी पाचक द्या’ म्हणतो. अशा वेळी पुढील बाबी उपयुक्त ठरतील.

१. लवणभास्कर चूर्णात अनेक लवणे आहेत. उच्च रक्तदाब, शोथ किंवा वृक्कविकार आहे का, हे विचारल्याविना ते देऊ नये.

२. हिंग्वाष्टक उष्ण आहे. घशाशी आंबट येत असल्यास, विशेषतः शरदात, ते टाळावे.

३. अविपत्तिकर चूर्णात साखर हा मोठा घटक आहे. सितोपलादीच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. च्यवनप्राशही शर्करायुक्त आहे. मधुमेह्याला चूर्ण म्हणजे ‘गोड नसलेले औषध’ वाटते. ही समजूत दुकानातच दूर व्हावी.

४. उटणे, अभ्यंगतेल यांवरील उत्पादनाची व अंतिम मुदतीची तारीख पाहून माल घ्यावा. गतवर्षीचा उरलेला माल नव्या वेष्टनात येऊ देऊ नये. लहान मुलासाठी उटणे प्रथम हातावर थोडे लावून पाहण्यास सांगावे.

५. छातीत दुखणे, घाम, दम लागणे ही लक्षणे ‘गॅस’ म्हणून सांगितली गेली, तरी पाचक न देता रुग्णाला त्वरित रुग्णालयात पाठवावे. सणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर दुखणे लपविण्याची ज्येष्ठांची वृत्ती असते.

दिवाळीपूर्वी आठ दिवस आपल्या नेहमीच्या मधुमेही, श्वासाच्या व हृद्रोगी रुग्णांना एकदा बोलावून त्यांचे सणाचे पान त्यांच्याशी बोलून ठरवावे. त्यांच्याबरोबर सून किंवा मुलगा आला तर अधिक चांगले, कारण पथ्य स्वयंपाकघरात पाळले जाते. सण हे कुटुंबाच्या मनःस्वास्थ्याचे मोठे साधन आहे. आजोबांच्या ताटात एकच करंजी असली, तरी ते पंगतीत सर्वांबरोबर बसलेले असावेत, हे पाहणे आपले काम आहे.