पहिली ऑफर हातात आली? सही करण्याआधी हे वाचा

लोणावळ्याजवळच्या कुसगावच्या सिंहगड कॅम्पसमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो, बरीच वर्षं कोड लिहिणाऱ्याचे हे चार शब्द.

👉 पगार: सीटीसीच्या आकड्याला भुलू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे हे सगळं बहुतेक वेळा धरलेलं असतं. ‘इन-हँड किती?’ हे एचआरला स्पष्ट विचारा. बाँडची अट नीट वाचा.

👉 तंत्रज्ञान: फ्रेमवर्क येतात-जातात. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडली; त्यावर उभं असलेलं एसक्यूएल आजही लागतं. जॉइन, इंडेक्स पक्के करा. एआयने दिलेला कोड ओळ न् ओळ समजल्याशिवाय कमिट करू नका.

👉 काम: लोणावळा लोकल, मग हिंजवडीचं ट्रॅफिक. प्रवासाचे तासही पगाराच्या हिशेबात धरा.

विचारायला लाजू नका. कष्ट तुमचे आहेत, मोलही तुम्हीच ठामपणे सांगा.