कुलूपबंद घराच्या मालकाला पत्र

नेकनूरच्या गावठाणात घर घ्यायचं असेल, तर विक्रीची पाटी लागायची वाट पाहू नका. मालक पुण्या-मुंबईला असेल तर शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन सरळ पत्र लिहा. ‘बाजाराच्या वाटेवरचं तुमचं माळवदाचं घर’ असं लिहिलं की खूण पटते. आपण कुणाचे कोण, घर कशासाठी हवं, हेही सांगा. भाव मात्र समोरासमोर बसूनच ठरावा.

होकार आला की ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा; पण ती कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका झाली असेल तर तीही मागा. घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या हव्यातच. 2005च्या कायदादुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. इसार त्यानंतर, आणि तोही पावती करूनच.