खुराकातून अंड्यात

१९९९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात बेल्जियममधील काही कुक्कुटपालकांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. कोंबड्यांचे अंडी घालण्याचे प्रमाण एकाएकी घटले होते. आणि जी अंडी उबवण्यास ठेवली होती, त्यांतील पुष्कळशी फुटलीच नाहीत. जी पिल्ले बाहेर पडली त्यांच्या अंगावर सूज होती व पायांत बळ नव्हते. संशय खुराकाकडे वळला.

ही लक्षणे पशुवैद्यकाच्या इतिहासाला अगदी नवीन नव्हती. १९५७ साली अमेरिकेत अशाच एका रोगाने लक्षावधी कोंबड्या दगावल्या होत्या. त्यांच्या हृदयाभोवती पाणी साचलेले आढळले आणि दोष खाद्यात मिसळलेल्या चरबीचा आहे हेही लवकरच कळले. परंतु त्या चरबीतील विष म्हणजे क्लोरीनयुक्त डायॉक्सिन होय, हे निश्चित व्हावयास पुढे जवळजवळ दहा वर्षे लागली. (‘डायॉक्सिन’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द घडविण्याचा खटाटोप येथे केलेला नाही. विषाने विदेशी नावानेच वावरावे, हे बरे.)

बेल्जियममध्ये घडले ते असे. पशुखाद्यासाठी गोळा केलेल्या जुन्या चरबीत जानेवारी महिन्यात विजेच्या रोहित्रातील तेल मिसळले गेले. या तेलात पॉलिक्लोरीनेटेड बायफेनिल नावाची संयुगे होती आणि अतिशय तापल्यावर त्यांच्यातून डायॉक्सिनवर्गीय द्रव्ये उत्पन्न होतात. त्या चरबीपासून सुमारे ५०० टन खाद्य तयार झाले. एवढ्या साऱ्या खाद्यात डायॉक्सिन होते ते अवघे एक ग्रॅमभर. एवढेसे विष अंड्यापर्यंत पोहोचते तरी कसे?

त्यासाठी अंडे कसे घडते ते पाहिले पाहिजे. आपण ज्याला अंड्यातील पिवळा बलक म्हणतो, तो अंडाशयात तयार होत नाही. तेथे तो केवळ साठविला जातो. त्यातील स्निग्ध पदार्थ व प्रथिने कोंबडीच्या यकृतात बनतात, रक्तावाटे अंडाशयाकडे येतात, आणि अंडे सुटण्यापूर्वीच्या सुमारे दहा दिवसांत थरावर थर चढत बलक भराभर वाढतो. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी कोंबड्यांना सुदान नावाचा, चरबीत विरघळणारा तांबडा रंग खाऊ घातला. पुढे त्यांची अंडी उकडून कापली, तेव्हा बलकात तांबडी कडी दिसली. ज्या दिवशी रंग दिला त्या दिवसाचा थर तेवढा रंगला होता! झाडाच्या बुंध्यातील वलयांप्रमाणे बलकातही दिवसांची नोंद असते.

डायॉक्सिनही चरबीत विरघळते, म्हणून तेही याच वाटेने जाते. फरक एवढाच की, त्याची कडी डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ते कोंबडीच्या अंगातील चरबीतही साठते. त्यामुळे खुराक बदलला तरी अंडी लगेच शुद्ध होत नाहीत. कित्येक आठवडे कोंबडी आपल्या शरीरातील विष थोडे थोडे करून बलकातून बाहेर टाकीत राहते. तिच्या दृष्टीने ही सुटकाच. अंडे खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र नव्हे.

सगळीच द्रव्ये बलकाची वाट धरतात असे नाही. स्वीडनमध्ये पूर्वी बियाण्यास बुरशी लागू नये म्हणून मिथिल पारा हे संयुग चोळीत असत. असे धान्य कोंबड्यांच्या पोटात गेले. १९६० नंतरच्या काही वर्षांत तेथील अंड्यांत शेजारच्या देशांतील अंड्यांपेक्षा कितीतरी अधिक पारा आढळला, आणि तो मुख्यतः पांढऱ्या बलकात! हे संयुग प्रथिनांना चिकटते, आणि पांढरा बलक म्हणजे पाणी व प्रथिने. १९६६ साली त्याचा वापर थांबविण्यात आला आणि अंड्यांतील पाऱ्याचे प्रमाण उतरले.

कधी कधी दोष विषाचा नसून औषधाचा असतो. मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांना आतड्यातील परोपजीवींपासून जपण्यासाठी निकारबाझिन देतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते द्यावयाचे नसते. परंतु खाद्याच्या कारखान्यात दोन्ही मिश्रणे एकाच यंत्रात कालविली, तर औषधाची बारीक पूड यंत्राच्या भिंतींना चिकटून राहते आणि पुढच्या खेपेत उतरते. असे खाद्य पुरेशा प्रमाणात पोटात गेले, तर तपकिरी अंडी घालणारी कोंबडी फिकट अंडी घालू लागते, बलकावर डाग दिसतात आणि पिल्ले कमी निघतात. येथे निदान डोळ्यांना काही दिसते तरी. खाद्य बदलले की काही दिवसांत कवचाचा रंग परत येतो.

बेल्जियममधील अंडी मात्र दिसावयास निर्दोष होती. नेदरलँड्समधील प्रयोगशाळेने एप्रिलअखेर डायॉक्सिन शोधून काढले, तेव्हा अंड्यातील चरबीच्या दर ग्रॅममागे ते कित्येकशे पिकोग्रॅम भरले. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशाचा पुन्हा दशलक्षांश! पुढे २००२ सालापासून युरोपीय संघाने अंड्यांसाठी जी मर्यादा घातली, ती होती ३ पिकोग्रॅम. परंतु जनतेला ही वार्ता मेच्या अखेरीस कळली. तोवर जानेवारीतील चरबीची अंडी लोकांच्या न्याहारीत केव्हाच संपली होती. कृषी व आरोग्य या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी १ जून रोजी राजीनामे दिले आणि १३ जूनच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षांना हार पत्करावी लागली.

त्यानंतर पशुखाद्याची तपासणी कडक झाली. तथापि काही वर्षांनी बेल्जियममध्येच घराच्या परसात पाळलेल्या कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा त्यांत दुकानातील अंड्यांपेक्षा अधिक डायॉक्सिन सापडले. परसातली कोंबडी दिवसभर माती उकरते, किडे वेचते, आणि त्यांबरोबर मातीही गिळते. जुन्या चुलीची राख व जाळलेला केरकचरा ज्या मातीत वर्षानुवर्षे मिसळत आला आहे, ती मातीही तिच्या खुराकाचाच भाग असते.