होडीची बॅटरी : निवड आणि निगा

इंजिनाची होडी चालते तेलावर. परंतु ती सुरू होते पुष्कळदां बॅटरीवर. लहान इंजिन दोरी ओढून सुरू करतां येतें. मोठ्या इंजिनास मात्र बॅटरी लागतेच. शिवाय रात्रीं झोत टाकणारा दिवा आणि तळांत सांचलेलें पाणी उपसणारा पंप हेहि तिच्याच जिवावर चालतात. म्हणून होडी जवळ असणें निराळें आणि ती ऐन वेळीं उपयोगीं पडणें निराळें.

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली आणि तापोळा येथून लाँची सुटतात. वासोट्यास जाणारे बहुतेक प्रवासी बामणोलीहूनच पाणी ओलांडतात. पावसाळ्यांत ही वर्दळ थांबते. तीच कोयना पुढें कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि तें पाणी सांगलीस पोहोंचतें. तेथें आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याहि वर गेलें. २००५ आणि २०२१ सालींहि शहरांत पूर शिरला. अशा वेळीं गल्लीबोळांतून होड्या फिरवाव्या लागतात. म्हणजे सहलीची होडी पावसाळ्यांत स्वस्थ असते, तर पुराची होडी पावसाळा सोडून सारें वर्ष स्वस्थ असते. आणि बॅटरीस कष्टापेक्षां ही स्वस्थताच अधिक बाधते.

याचें कारण तिच्या घडणींत आहे. गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केलेल्या घटांत शिशाचे पत्रे सौम्य सल्फ्युरिक ॲसिडांत बुडविलेले होते. आजच्या साध्या बॅटरीचेंहि तत्त्व तेंच. प्रत्येक घट सुमारें २ व्होल्टचा. असे सहा जोडले कीं १२ व्होल्टची बॅटरी होते. वीज खर्च होतांना पाट्यांवर लेड सल्फेटचा मऊ थर चढतो आणि बॅटरी भरतांना तो नाहींसा होतो. पण नुसती ठेवलेली बॅटरीहि हळूहळू उतरते, उन्हाळ्यांत अधिक वेगानें. उतरलेल्या स्थितींत ती महिनोन्‌महिने पडून राहिली, कीं त्या थराचे कठीण स्फटिक बनतात. मग चार्जर लावूनहि तिला पूर्वीची ताकद येत नाहीं.

निवडतांना काम ओळखावें. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरींत पातळ पाट्या पुष्कळ असतात. ती क्षणभर मोठा प्रवाह देते. दिवा व पंप यांना तासन्‌तास मंद प्रवाह हवा. त्यासाठीं जाड पाट्यांची बॅटरी घ्यावी. पहिलीकडून दुसरीचें काम घेणें म्हणजे शर्यतीचा बैल नांगराला जुंपणें होय. दोन्ही कामांस स्वतंत्र बॅटऱ्या ठेवल्यास दिव्यापायीं इंजिन अडत नाहीं. आकाराचा हिशेब सोपा आहे : दिवा २ अँपिअर आणि पंप ३ अँपिअर घेत असेल, तर सहा तासांस ३० अँपिअर-तास लागतील. निम्म्याहून अधिक वीज काढूं नये, म्हणून किमान ६० ची, आणि थोडी शिल्लक धरून ७५ ची बॅटरी योग्य. होडीच्या हादऱ्यांत टिकणारी बांधणी पाहावी व ती पेटींत पट्ट्यानें घट्ट बसवावी.

आतां निगा. दरमहा बॅटरी पूर्ण भरावी. चार्जर काढून कांहीं तास गेल्यावर १२.६ व्होल्ट किंवा किंचित् अधिक दाब दिसावा. एरवीं तो १२.४ च्या खालीं गेल्यास ताबडतोब भरावी. पाट्या उघड्या पडूं देऊं नयेत. भरणें संपल्यावर खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणीच घालावें. नळाचें पाणी किंवा नवें ॲसिड कदापि नको. टोकांवरील गंज सोड्याच्या पाण्यानें धुऊन, कोरडें करून व्हॅसलीन लावावें. तें पाणी घटांत जाऊं देऊं नये. होडी उभी करून ठेवतांना ऋण टोकाची तार सोडावी. भरतांना हायड्रोजन वायु निघतो व तो पेट घेतो. म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ विडी-काडी नसावी. लिथियमची बॅटरी हलकी व टिकाऊ. पण तिला तिचाच चार्जर लागतो, आणि ती सुमारें अर्धी भरलेली ठेवणें हितकर.

घरच्या इन्व्हर्टरलाहि शिशाची बॅटरी असल्यास हेच नियम लागू पडतात. तेथें चुकलें तर रात्र अंधारांत जाते इतकेंच. पुराच्या होडीची गोष्ट वेगळी. छपरावर माणसें वाट पाहत असतां बॅटरी भरावयास वेळ नसतो, आणि पुष्कळदां गांवांत वीजहि नसते. म्हणून होडीशेजारीं एक वही टांगावी, आणि कोरड्या जानेवारींतहि कोणीतरी तींत तारीख व व्होल्ट लिहीत जावें. ऑगस्टांतील त्या रात्रीची तयारी हीच आहे.